दहा मिनिटांचे सहाशे रुपये

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी आमच्या सोसायटीची बोअरची मोटर बंद पडली. टाकी कोरडी, टँकरवाला फोन उचलेना. मोटरचं काम करणारा म्हणाला, "मंगळवारच्या आत जमायचं नाही काका, हातात चार कामं आहेत." मंगळवारी तो आला. सोबत सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा, पिशवी उचलायला आणि टॉर्च धरायला. स्टार्टरचं झाकण काढलं, मीटरच्या वायरी दोन-चार ठिकाणी टेकवल्या, काळपट पडलेला एक कॉन्टॅक्टर बदलला आणि बटण दाबलं. मोटर सुरू. सगळी मिळून दहा मिनिटं. सामानाचे पैसे वेगळे, मजुरी सहाशे रुपये.

आमचा वॉचमन हे सगळं शेजारी उभा राहून बघत होता. तो बी.ए. आहे आणि बारा तासांची ड्यूटी करतो. मोटरवाला दहावीनंतर आयटीआय झालेला. एवढ्यावर लेख थांबवला असता तर सोपं होतं: पदवीच्या मागे लागू नका, हुन्नर शिका. पण त्याच संध्याकाळी जेवणाचं पार्सल घेऊन जो मुलगा दारात आला, त्याने जिन्यातल्या उघड्या डीबीकडे, म्हणजे वायरी-स्विचांच्या पेटीकडे, बघत सहज म्हटलं, "न्यूट्रल ढिला आहे तुमचा." विचारलं तर तोही आयटीआय. ट्रेड तोच, इलेक्ट्रिशियन.

म्हणजे कोडं जरा वेगळं आहे. प्रशिक्षण दोघांनी एकच घेतलं. एकाच्या वेळेसाठी लोक दोन दिवस थांबतात, दुसरा अर्ध्या तासात पोहोचला नाही तर लोक तक्रार करतात. असं का होतं?

हात कसा शिकतो

आयटीआय म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. देशातली ही व्यवस्था १९५० साली सुरू झाली. महाराष्ट्रात चारशेहून जास्त सरकारी आयटीआय आहेत, खासगी वेगळ्या. तिथल्या फलकांवर फिटरला 'जोडारी', टर्नरला 'कातारी', वेल्डरला 'संधाता', इलेक्ट्रिशियनला 'वीजतंत्री' आणि वायरमनला 'तारतंत्री' लिहिलेलं असतं. शब्द सुंदर आहेत. मात्र 'मी संधाता आहे' असं सांगणारा वेल्डर मला अजून भेटलेला नाही.

फिटरच्या मुलाला पहिले कित्येक दिवस एकच काम असतं. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा पकडायचा आणि कानशीने घासायचा. घासून सपाट करायचा, गुण्या लावून काटकोन बघायचा, उजेडाकडे धरून फट शोधायची, पुन्हा घासायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा काय वेळकाढूपणा! हेच काम यंत्र दोन मिनिटांत करतं. पण इथे तयार करायचा असतो तो हात, लोखंड हे निमित्त. कानस पुढे नेताना दोन्ही हातांचा दाब सतत बदलावा लागतो, सुरुवातीला डाव्याचा जास्त, शेवटी उजव्याचा. तो बदलला नाही तर पृष्ठभाग बैलाच्या पाठीसारखा फुगीर होतो. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत सांगता येते आणि ती ओळ शंभरदा वाचूनही कानस सरळ चालत नाही. सायकलचं असतं तसंच.

यात खरी करामत आहे चूक लगेच दिसण्याची. गुण्याखालून उजेड आला की चूक कळली. व्हर्नियरने मापलं की मिलिमीटरचा पन्नासावा भागही लपत नाही. शाळेत गणित चुकल्याचं आठवड्याने कळतं, तेही लाल शाईतून. इथे चूक त्याच मिनिटाला, स्वतःच्या डोळ्यांना दिसते. वेल्डिंग शिकणारा तर चूक ऐकतो. आर्क नीट लागली असेल तर कढईत भजी पडल्यासारखा एकसारखा आवाज येतो, अंतर बिघडलं की तो तुटतो. वर्गात मागच्या बाकावर बसून नापास झालेली कितीतरी मुलं इथे का फुलतात, त्याचं उत्तर मला याच्यात दिसतं. त्यांची बुद्धी कमी नसते. आपण चुकलो ते कुठे, हे त्यांना आजवर वेळेवर कुणी दाखवलेलंच नसतं.

पण हात तयार झाला म्हणजे पोट भरलं असं नाही. पार्सलवाल्या मुलाचा हात तयारच होता. न्यूट्रल त्याला दिसला, मोटरवाल्याला दिसला नव्हता.

पायांचं झाड

आयटीआयमध्ये मोटर शिकवतात ती टेबलावर ठेवलेली, स्वच्छ आणि बंद. खरी मोटर चिखलात, अंधारात आणि कुणीतरी डोक्यावर उभं राहून 'किती वेळ लागेल?' विचारत असताना दुरुस्त करायची असते. ते शिकायचं तर खऱ्या कामावर जायला हवं. म्हणजे कुणातरी मालकाने शिकवायला हवं. आता प्रश्न असा, की मालकाने का शिकवावं?

समजा, माझं छोटं वर्कशॉप आहे. एका मुलाला मी वर्षभर शिकवलं. त्याने माझी दोन ड्रिल बिट मोडली, चार कामं बिघडवली, माझ्या चांगल्या कारागिराचे तास खाल्ले. वर्षअखेरीस तो तयार झाला आणि शेजारच्या शेडवाल्याने त्याला महिना दोन हजार जास्त दिले. मी लावलेलं आंब्याचं झाड असं, की त्याला पाय आहेत. मोहर धरला की ते चालत दुसऱ्याच्या बांधावर जातं. हे एकदा अनुभवलेला मालक पुन्हा झाड लावत नाही. सगळेच मालक असा विचार करतात आणि मग सगळे मिळून तक्रार करतात, की बाजारात कुशल माणूसच मिळत नाही.

गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या 'ह्यूमन कॅपिटल' या पुस्तकात हा पेच नीट मांडला. जे कौशल्य कुठेही विकता येतं, त्याच्या शिक्षणाचा खर्च मालक करणार नाही, तो शिकणाऱ्यालाच सोसावा लागेल, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडचे उस्ताद हे न वाचताच जाणून होते. गॅरेजमधला पोरगा पहिलं वर्ष चहा आणतो, स्पेअर पार्ट रॉकेलने धुतो आणि नाममात्र पैशांवर राबतो. ही त्याची फीच असते, फक्त तिची पावती मिळत नाही.

बरं, मग गरीब मुलाने ही फी कर्ज काढून भरावी? शेत गहाण टाकता येतं, घर टाकता येतं, हात गहाण टाकता येत नाहीत. मुलाच्या हातात येऊ घातलेल्या कौशल्यावर बँक कर्ज देईल कशी? कर्ज बुडालं तर जप्त काय करणार? ज्याच्या घरी आधीच काही आहे तोच थांबू शकतो आणि थांबेल तोच शिकतो. गरिबीची गाठ इथे बसते.

जर्मनीने ती सोडवली ती सगळ्या मालकांना एकत्र बांधून. तिथला शिकाऊ मुलगा आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जातो. हा क्रम दोन ते साडेतीन वर्षं चालतो आणि पहिल्या महिन्यापासून त्याला भत्ता मिळतो. शेवटची परीक्षा घेतं स्थानिक उद्योग-व्यापार मंडळ किंवा कारागीर मंडळ. या मंडळांचं सदस्यत्व व्यावसायिकांना कायद्याने सक्तीचं आहे. बहुतेक मोठे उद्योग झाडं लावतात, त्यामुळे शेजारचं झाड आपल्या बांधावर आलं काय आणि आपलं तिकडे गेलं काय, हिशेब जवळपास जुळतो. आपण हे लगेच उचलावं असं सुचवणारे बरेच भेटतात. पण जर्मनीतही ते १९६९ च्या व्यवसाय-प्रशिक्षण कायद्याने एका रात्रीत झालं नाही. मागे कारागिरांच्या संघांची काही शतकांची सवय होती.

आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. ज्याला सगळे 'अ‍ॅप्रेंटिस' म्हणतात तो हाच. सध्याच्या नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. ही तरतूद मालकाला शिकवण्याचं धाडस व्हावं म्हणून आहे. पण तिची दुसरी धारही आहे. शिकवायचं नसेल आणि नुसता स्वस्त हात हवा असेल, तरी तोच कायदा उपयोगी पडतो. दर वर्षी नवी तुकडी घ्यायची, लाइनवर उभी करायची, वर्ष संपलं की निरोप. अशा ठिकाणी मुलगा वर्षभर एकच बोल्ट आवळतो आणि बाहेर पडतो तेव्हा त्याला तेवढंच येतं.

कागदाची किंमत

उस्तादाकडे शिकलेला आणि संस्थेत शिकलेला, यांच्यात पुढे कोण जातो? याची एक सुरेख परीक्षा युगांडात झाली. तिथल्या गरीब, बेरोजगार तरुणांची काही अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. काहींना सहा महिने व्यवसाय प्रशिक्षण संस्थेत पाठवलं. काहींना थेट छोट्या धंद्यांत ठेवलं आणि शिकवण्याबद्दल मालकाला पैसे दिले. काहींना काहीच दिलं नाही, तुलनेसाठी. कामं आपल्या ओळखीचीच होती: वेल्डिंग, वायरिंग, नळकाम, मोटर मेकॅनिक, शिवण, केशकर्तन. निष्कर्ष २०२० साली 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात आले.

शिकलेल्या दोन्ही गटांची कमाई वाढली. सुरुवातीला मालकाकडे शिकलेले पुढे होते, कारण ते आधीच कामावर होते. पण वर्षं उलटली तशी त्यांची आघाडी विरली आणि संस्थेत शिकलेले पुढे निघून गेले. याचं कारण कौशल्यापेक्षा कागदात सापडलं. मालकाकडे शिकलेल्या मुलाला काय येतं, हे फक्त त्या मालकाला माहीत. दुकान बंद पडलं किंवा भांडण झालं, की नव्या दारात तो पुन्हा नवशिका. प्रमाणपत्रवाल्याची नोकरी गेली तरी दुसरी लवकर मिळाली. गरिबाची नोकरी जाणार हे धरूनच चालावं लागतं; किती लवकर पुढची मिळते, यावर घर तरतं की बुडतं ते ठरतं.

कोल्हापूरकडच्या आजीबाईंच्या लोणच्याला जगात तोड नसते, पण ते त्यांच्या गल्लीतच विकलं जातं. बरणीवर लेबल आलं, की तीच चव सोलापुरातला अनोळखी माणूस पैसे मोजून घेतो. प्रमाणपत्र म्हणजे हातावरचं लेबल.

म्हणून आकड्यांकडे जरा जपून बघावं. २०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणात म्हटलं होतं, की भारतातल्या फक्त ४.६९ टक्के कामगारांनी रीतसर कौशल्य प्रशिक्षण घेतलं आहे. जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६. हे वाचून वाटावं, की बाकीचे पंचाण्णव टक्के अडाणी आहेत. तसं नाही. गवंडी, सुतार, गॅरेजवाले, शिंपी सगळे त्यात आहेत. त्यांना काम येतं, लेबल नाही. त्यांची आधीची कला तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. पण लेबलाला किंमत असते ती आतला माल खरा असेपर्यंतच. काही दिवसांच्या वर्गात, हजेरी भरून, लक्ष्य गाठण्यासाठी वाटलेल्या प्रमाणपत्रांना मालक विचारत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. या आकडे गाठण्याच्या धावपळीवर २०१६ साली सरकारने नेमलेल्या शारदा प्रसाद समितीनेही बोट ठेवलं होतं.

मधल्या काळात चूल

आता पार्सलवाल्या मुलाकडे वळू. त्याला कागद मिळाला होता. पुढे चाकणला अ‍ॅप्रेंटिस म्हणूनही लागला. मग सोडलं का? तो म्हणाला, "काका, जे मिळायचं ते खोलीभाड्यात आणि मेसमध्ये जायचं. घरी बहिणीची फी थांबली होती. सहाव्या महिन्यात सोडलं." वर्ष पूर्ण झालं नाही, म्हणून शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र नाही. ते नाही, म्हणून मोठ्या कंपनीत कुणी उभं करत नाही. दोर तुटला तो भाड्याच्या खोलीपाशी.

हा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. समजा, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला गावात रोज ४०० रुपये मजुरी मिळते आणि महिन्यात वीस दिवस काम असतं. महिन्याचे ८ हजार, दोन वर्षांचे १ लाख ९२ हजार. सरकारी आयटीआयची फी याच्या पुढे किरकोळ आहे. घराच्या दृष्टीने खरा खर्च आहे तो हा, न आलेल्या मजुरीचा. आणि त्याच्या समोर आपण काय ठेवलं? महाराष्ट्रातल्या आयटीआयच्या मुलांना कित्येक दशकं महिना ४० रुपये विद्यावेतन होतं. चाळीस! २०२३ साली ते ५०० झालं. शिकाऊ उमेदवाराला २०१९ च्या नियमांनी किमान ५ ते ९ हजार ठरले, आयटीआय झालेल्याला ७ हजार. गावात घरी राहून हे पैसे बरे वाटतात. चाकणला खोली घेऊन राहणाऱ्याला ते पुरत नाहीत, आणि कारखाने चाकणला आहेत.

कर्मवीर भाऊराव पाटलांना ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी कळली होती. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढताना त्यांनी वसतिगृहाला शाळेइतकंच महत्त्व दिलं आणि 'कमवा आणि शिका' ही सोय रुजवली. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेल्या माणसाला हे ठाऊक होतं, की मुलगा शाळेतून गळतो त्याचं कारण बहुधा फळ्यावर नसतं, चुलीत असतं.

मुलींच्या बाबतीत चुलीसोबत रस्ताही आडवा येतो. दिल्लीच्या वस्त्यांमध्ये स्त्रियांसाठी सहा महिन्यांचा शिवणवर्ग चालवून त्याचा परिणाम मोजला गेला. ज्यांना संधी मिळाली त्यांची कमाई आणि रोजगार दोन्ही वाढले. पण वर्ग घरापासून जितका लांब, तितक्या बायका मध्येच गळाल्या. लेकराला कुणापाशी ठेवायचं, हाही प्रश्न होताच. आपल्या तालुक्यांत संध्याकाळची शेवटची एसटी किती वाजता सुटते, यावर कितीतरी मुलींचा ट्रेड ठरतो. प्रशिक्षणाच्या योजना लिहिणाऱ्यांनी एकदा एसटीचं वेळापत्रक शेजारी घेऊन बसावं.

चौकट : कोणता कागद कशाचा?
आयटीआय पूर्ण केल्यावर मिळतं ते राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे एनटीसी. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर एक वर्षाचे. त्यानंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी पूर्ण करून परीक्षा दिली, की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, म्हणजे एनएसी. नोकरीच्या बाजारात दुसऱ्याचं वजन जास्त. हाताने चालणाऱ्या १८ पारंपरिक कामांसाठी २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे; तीत प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत मिळते.

गावात एक ट्रेड पुरत नाही

चाकणला जायचंच नसेल तर? पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं कोरडवाहू गाव आहे. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग अन्नतंत्रज्ञ, अमेरिकेतून डॉक्टरेट घेतलेले आणि हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेले. शाळा सुटलेल्या मुलांसाठी त्यांनी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम बसवला. त्यात वेल्डिंग आणि बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य, असं सगळं एकाच मुलाने करायचं.

आयटीआयवाल्याला हे विचित्र वाटेल. धड एक शिकवायचं सोडून चार कशाला? उत्तर बाजारात आहे. पुण्यात रविवार पेठेत नुसती बटणं आणि लेस विकून दुकान चालतं, कारण गिऱ्हाईक लाखांत आहे. गावातल्या दुकानात खिळेही हवेत, साबणही आणि वहीही. हजार-दोन हजार वस्तीच्या गावात नुसत्या वेल्डरला महिन्यात आठ दिवस काम मिळेल. पण जो गेट जोडतो, पंप बघतो, ठिबकचा फिल्टर साफ करतो आणि कोंबड्यांचं खुराडंही बांधतो, त्याचा महिना भरतो. आश्रमातली मुलं शिकतानाच गावातल्या लोकांची कामं पैसे घेऊन करत. म्हणजे चूक काढायला गुण्यासोबत गिऱ्हाईकही हजर. पुढे याच विचारातून आठवी ते दहावीच्या शाळांसाठी आठवड्यातून एक दिवस हाताने काम करण्याचा विषय तयार झाला. २००२ च्या सुमारास एमआयटीच्या 'फॅब लॅब' या डिजिटल कार्यशाळांसाठी अमेरिकेबाहेर जी पहिली काही ठिकाणं निवडली गेली, त्यांत पाबळ होतं.

हाताला काम मिळण्याच्या एवढ्या वाटा असूनही २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. त्यात इंजिनिअर होते, आयटीआयवाले होते, आणि आमचा वॉचमनही होता. मी त्याला दोष देत नाही. पाना वापरून महिन्याला चांगले पैसे मिळत असले, तरी सोयरीक जुळवायला आलेली माणसं आधी 'परमनंट आहे का?' हेच विचारतात.

परवा स्टार्टर पुन्हा अडला. मोटरवाला आला, तोच पोरगा टॉर्च धरून. तो आता स्वतःच झाकण काढत होता आणि मीटर लावत होता. मी मोटरवाल्याला म्हटलं, "याला आयटीआयला का नाही घालत? हात चांगला आहे."

"मीच म्हणालो होतो काका, फॉर्म सुटलेत, भर म्हणून," तो म्हणाला. मग जरा थांबून हसला. "पण हा गेला तर रोजची आठ कामं माझ्याच्याने व्हायची नाहीत. चारच होतील."

पोरगा स्क्रू आवळत होता. वर न बघता म्हणाला, "मी भरलाच नाही फॉर्म. घरी महिन्याला सहा हजार देतो मी."